कमी चाललेली गाडी

आमच्या घरात चारचाकी येईल असं एखाद्या ज्योतिषानं सांगितलं असतं, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत घेतली असती. मुलुंड पूर्वेला दोन खोल्या, मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी, आणि वाहन म्हणाल तर घंटा नसलेली सायकल. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की मालकांची गाडी फाटकातून आत शिरली की उभं राहायचं आणि दिसेनाशी झाली की बसायचं.

ऐंशीचं दशक उताराला लागलं असताना एका मार्च महिन्यात बायकोच्या कमरेतली चकती सरकली. ती अंधेरीच्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवायची, एकवीस वर्षं. मुलुंडहून पवईमार्गे बसनं जायचं, निम्मी वाट उभं राहून, आणि बस चुकली तर रिक्षा. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, बसमध्ये उभं राहणं बंद, रिक्षाचं तर नावच काढू नका. पवईच्या रस्त्यावरून रिक्षानं गेलेल्या माणसाची धडधाकट चकतीही जागेवर राहत नसे, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. "मोटारीत बसायला हरकत नाही," ते पुढे म्हणाले. मोटार जणू खाली उभीच होती.

दीड महिना ती पाठीखाली फळी घालून पडून होती. एप्रिलच्या अखेरीस शाळेच्या संस्थेचं पत्र आलं. कागदाच्या माथ्यावर सरस्वती, एका बाजूला उगवता सूर्य, दुसऱ्या बाजूला समई, खाली संस्कृत वचन आणि उरलेल्या जागेत मजकूर. बाईंच्या प्रकृतीची संस्थेला अत्यंत काळजी वाटते, सबब जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी त्यांनी हजर व्हावं, अन्यथा संस्था त्यांची स्वेच्छानिवृत्ती स्वीकारील. जी गोष्ट कुणी दिलेलीच नाही ती स्वीकारण्याचं औदार्य संस्थेच्या अध्यक्षांचं होतं. त्यांच्या पुतण्याची बायको नुकतीच बी.एड. झाली होती, तेही गणित घेऊन, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

बायकोनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं.

"मी घरी बसले तर काय होईल सांगू?" ती म्हणाली. "भिंतींना पाढे शिकवीन. भिंती संपल्या की तुम्हाला."

"मला येतात."

"एकोणतीसचा म्हणा."

मी विषय बदलला. पण त्या दिवसापासून विषय एकच राहिला. दोन उन्हाळ्यांपूर्वी शाळेतल्या तिघी बायकांनी एकमेकींच्या ईर्ष्येनं ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं. त्यातलं एक लायसन्स आमच्या कपाटात रेशनकार्डाखाली होतं. म्हणजे चालवणारी घरात होती, गाडी नव्हती. शाळा उघडायला सहा आठवडे होते. पैसे दोघांच्या फंडातून निघायचे होते, त्यामुळे चूक एकदाच करता येणार होती.

त्या सहा आठवड्यांत मी एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. जेवतानासुद्धा मी उठून खिडकीशी जायचो आणि खालून कुठली गाडी गेली ते बघायचो. कुणीतरी सांगितलं होतं की गाडीखाली तेल ठिबकलेलं असेल तर इंजिन गेलेलं समजावं. तेव्हापासून रस्त्याकडेच्या अनोळखी गाड्यांखाली वाकून बघायची मला सवय लागली. घाटकोपरला एका सोसायटीच्या आवारात मी गुडघ्यांवर बसलो होतो, तर वॉचमन आला.

"क्या गिरा, साब?"

"तेल."

"आपका?"

मी कपडे झटकून निघालो.

आमच्या कारखान्याची जीप चालवणारा ड्रायव्हर देवगडकडचा होता. वडील परळच्या गिरणीत होते, हा मरोळला लागला. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो, त्यामुळे आमच्यात साहेब वगैरे नव्हतं. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

"मोठी घेव नको," तो म्हणाला. "एक गाडी मंत्र्यांची, दुसरी टॅक्सीवाल्यांची. दोघांचो क्लच दाबताना वैनीची कंबर परत जाईत. ती नवी छोटी इली हा ना, पाठसून दार उघडता ती? ती घे. पेट्रोल कमी पिता, क्लच लोण्यासारखो."

"जुनी घ्यायची आहे रे. नवीला नंबर लागेपर्यंत ही रिटायर होईल."

"जुनीच घे. पण रोज पळणारी घे. उभी ऱ्हवलेली घेव नको."

त्या छोट्या गाडीचा नंबर लागायला इतकी वर्षं जायची, की वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. माझ्या स्टोअरमध्ये वापरलेली कुठलीही वस्तू नव्यापेक्षा महाग नव्हती, म्हणून हे अर्थशास्त्र मला पचायला वेळ लागला. "रोज पळणारी घे" हे त्याचं वाक्य मात्र मी ऐकलं आणि विसरलो. ड्रायव्हरचा सल्ला होता, फुकट होता, आणि मी पुस्तकं वाचणारा माणूस होतो.

पहिली गाडी घाटकोपर पूर्वेला सापडली, पेपरातल्या छोट्या जाहिरातीवरून. मालक दातांच्या कवळ्या बनवायचा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याची कार्यशाळा होती. टेबलावर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, आणि ते सगळे माझ्याकडे बघून हसत होते. डॉक्टर माप घेऊन देत, हा कवळी बनवून गाडीनं पोचवत असे. अंधेरी, बोरिवली, ठाणे, रोज. माणूस पस्तिशीचा, मूळचा अकोल्याकडचा, आवाज शांत. धंदा वाढला होता आणि सामान न्यायला त्याला व्हॅन मिळाली होती, म्हणून ही विकायची.

गाडी पांढरी होती, म्हणजे पूर्वी असावी. डाव्या दारावर लांब ओरखडा. मागचं दार उचललं की आत प्लॅस्टर आणि मेणाचा वास. किलोमीटरचा आकडा मी दोनदा वाचला.

"किती देते?" मी विचारलं. त्या काळात गाडीबद्दलचा पहिला प्रश्न हाच असे.

"शहरात पंधरा, हायवेला अठरापर्यंत," तो म्हणाला. "क्लचवर पाय ठेवून बसलात तर त्याहून कमी. मागच्या दिवाळीत क्लच प्लेट बदलली, पाइप सगळे बदलले, पट्टा बदलला. दारावरचा ओरखडा नाही काढला, त्यानं पेट्रोल जास्त लागत नाही." मग त्यानं हात पुढे केला. "ही घ्या चाबी. एक चक्कर मारून या."

मला चालवता येत नाही हे सांगायला मला लाज वाटली. मी म्हणालो, मिसेसना घेऊन येतो. आणि निघताना, काहीतरी बोलायचं म्हणून, निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं, विचारलं, "आपलं आडनाव काय म्हणालात?"

तो म्हणाला नव्हता. त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा जसा होता तसाच राहिला, फक्त पुढं केलेला चाबीचा हात त्यानं खिशात घातला.

आमच्या इमारतीत काही गुप्त राहत नसे. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. ते तळमजल्यावर राहायचे, बँकेत होते, आणि पाण्याच्या मोटारीपासून मुलांच्या लग्नांपर्यंत त्यांचा सल्ला न विचारता मिळत असे.

"गाडी बघितलीत म्हणे. कुणाची?"

मी धंदा सांगितला, गाव सांगितलं, आणि त्यांनी विचारल्यावर आडनाव सांगितलं. सेक्रेटरींनी चहाचा कप बशीत ठेवला.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे बघा, माझ्या मनात तसं काही नाही. आमच्या बँकेत आहेत की, चांगली माणसं आहेत. पण गाडी कशी ठेवली असेल, सांगता येत नाही. गाडी कशी हवी? एकहाती, कमी चाललेली, आणि आपल्यातल्या माणसाची."

आडनावावरून गाडीचं इंजिन कळतं, असा आमच्या इमारतीचा ठाम समज होता. मला तो हास्यास्पद वाटला. मी तसं बायकोला म्हणालोही. आणि दुसऱ्या दिवशी घाटकोपरला जाण्याऐवजी सेक्रेटरींबरोबर बोरिवलीला गेलो. मी स्वतःला सांगितलं, किलोमीटर फार झालेत. किलोमीटर हे कारण बोलायला बरं होतं.

बोरिवलीचे गृहस्थ मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सेक्रेटरी त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. दिवाणखान्यात त्यांच्या सत्काराचे तीन फोटो होते, आणि त्यांच्या मधोमध, सोनेरी चौकटीत, गाडीचं अलॉटमेंटचं पत्र. अगदी सुरुवातीच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला होता. लोक ज्ञानपीठ असं लावत नाहीत.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मला गाडी विकायची नाही. मला ती सोपवायची आहे. आम्ही पुण्याला चाललो. तिथे गाडीला छप्पर नाही. उघड्यावर मी तिला ठेवणार नाही."

खाली गॅरेजमध्ये त्यांनी कव्हर काढलं. कव्हराखाली जुनी दुलई होती, दुलईखाली मलमल, आणि मलमलीखाली गाडी. लाल. तिच्यात मला माझा चेहरा दिसला, आणि आमच्या आरशातल्यापेक्षा बरा दिसला. सीटांवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच. डॅशबोर्डवर गणपती, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं, पुढच्या पट्टीला मागच्या दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं फूल. चार वर्षांत ती जितकी चालली होती तितकं आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला एका वर्षात चालायचा.

"किती देते?" मी विचारलं.

साहेबांनी विचार केला. "तिनं पेट्रोल संपवल्याचं मला आठवत नाही."

सेक्रेटरींनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. साहेब सांगत होते, रोज सकाळी बरोबर पाच मिनिटं इंजिन चालू करायचं, बंद करायचं, पुसायचं, झाकायचं. धुळीत न्यायची नाही, खड्ड्यात न्यायची नाही, आणि मुंबईत या दोन्हींखेरीज तिसरा रस्ता नसल्यामुळे न्यायचीच नाही.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कारखान्यात माझ्या ताब्यात काय होतं? बोल्ट, बेअरिंगं, आणि सगळ्यात जास्त रबर. पाइप, वॉशर, रिंगा. प्रत्येक पाकिटावर मी स्वतः आल्याची तारीख घालायचो. कारण रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं, वापरलेलं आधी जातं असं नाही. दर वर्षी मी न वापरलेल्या, कोऱ्या, चकचकीत रिंगा भंगारात काढायचो आणि नव्यानं आलेला एखादा इंजिनियर हळहळला तर त्याला तुच्छतेनं समजावून सांगायचो. हाच माणूस त्या लाल गाडीसमोर उभा राहिला आणि त्याच्या मनात एकच वाक्य आलं: किती छान जपली आहे.

कारखान्यात खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुसायचो, त्यांना हार घालायचो, नारळ फोडायचो आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. वर्षातून एक दिवस. साहेबांच्या गॅरेजात चार वर्षं खंडेनवमी चालू होती. पण जपलेल्या वस्तूसमोर आमच्यासारख्यांची बुद्धी हात जोडते. लग्नातला डिनरसेट कपाटातच ठेवणारी, सोफ्यावर चादर आणि चादरीवर टॉवेल टाकणारी आम्ही माणसं. वापरणं म्हणजे बिघडवणं हे आम्हाला बालपणीच शिकवलेलं. मी बयाणा देऊन टाकला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती आता थोडीफार चालू लागली होती. भिंतीला धरून उभी राहून तिनं ऐकून घेतलं.

"चालवून बघितली?"

"साहेबांनी आवारात एक फेरी मारून दाखवली. पहिल्या गिअरमध्ये."

"तुम्ही माझ्यासाठी चप्पल आणलीत तर मी पायात घालून बघते," ती म्हणाली. "रविवारी जाऊ. आणि तुमच्या त्या ड्रायव्हर मित्रालाही घ्या."

रविवारी आम्ही तिघं बोरिवलीला गेलो. बायकोला पाठीशी उशी देऊन टॅक्सीनं नेलं, आणि त्या टॅक्सीच्या प्रत्येक हिसक्याला मी डोळे मिटत होतो. मित्रानं बॉनेट उघडायला हात पुढे केला, तर साहेबांनी त्याला आधी फडका दिला. हात पुसून तो आत डोकावला, बराच वेळ.

"कशी आहे?" मी विचारलं.

"देवळात शोभात," तो म्हणाला आणि बॉनेट लावलं.

बायको म्हणाली, "मी एक फेरी मारून येते. लांबची. मला रोज पवईवरून जायचंय."

साहेबांचा चेहरा उतरला. "बाई, आमच्याकडे गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची पद्धत नाही. व्यवहार पुरा होऊ द्या, मग तुमचीच."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून सावकाश वळली.

तेवढ्यात गॅरेजच्या दाराशी साहेबांच्या पत्नी आल्या. त्या बहुधा मघापासून ऐकत असाव्यात. "द्या हो चालवायला. न्यायची त्यांनी, आणि चालवायची तुम्ही? मला चार वर्षांत एकदा नेलंत, तेही समोरच्या गल्लीत सत्यनारायणाला. साडीला प्लॅस्टिक चिकटलं ते वेगळं."

साहेबांनी किल्ली दिली. ते पुढे बायकोशेजारी बसले, मी आणि मित्र मागे. आम्ही हायवेला लागलो. बायको बेताबेतानं चालवत होती, ओठ मिटून, फळ्यावर अवघड गणित सोडवताना उभी असायची तशी. गाडी गुळगुळीत चालली होती. मला वाटलं, झालं, मिटलं. गोरेगावला आम्ही आत वळलो आणि आरे कॉलनीतून पवईकडे निघालो. चढ लागला. साहेब डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघत होते.

"हे काय, हा काटा वर का चाललाय?" त्यांनी विचारलं.

"गरम झाली," मित्र मागून म्हणाला. "चढ आसा."

"तिला सवय नाही," साहेब म्हणाले.

वाक्य संपलं आणि पुढून फट् असा आवाज आला. बॉनेटच्या चारी बाजूंनी वाफ निघाली. बायकोनं घाई न करता गाडी कडेला घेतली, आणि हँडब्रेक ओढला. तो लागला होता, तरी तिनं पुन्हा ओढला, आणि मग आणखी एकदा. तेव्हा मला कळलं की या सबंध प्रकरणात भीती कुणाला वाटत होती. मी सहा आठवडे येरझारा घालून ती मिरवत होतो, एवढंच.

मित्रानं बॉनेट उघडलं, वाफ निवू दिली आणि रेडिएटरचा वरचा पाइप मला दाखवला. उभा चिरला होता. मी बोटानं दाबला, तर पापडासारखा आवाज झाला. शेजारचा ब्रेकचा पाइप बघितला, त्यावर बारीक भेगांचं जाळं. माझ्या स्टोअरमध्ये असा माल असता तर मी पुरवठादाराला पत्र लिहिलं असतं.

"पाच मिन्टांत पाणी नीट तापता तरी काय?" मित्र हळूच म्हणाला. "पयल्यांदा खरा तापला, फाटला. आज पाइप, उद्या पेट्रोलची टाकी, परवा ब्रेक. कुठला कधी जाईत, कोण सांगतलो?"

साहेब रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभे होते. मंत्रालयातला हुद्दा, सोनेरी चौकट, सगळं बोरिवलीला राहिलं होतं. हातात रुमाल होता आणि कुठे पुसावं ते त्यांना समजत नव्हतं.

"मी तिला कधी काही होऊ दिलं नाही," ते म्हणाले. "एक ओरखडा दाखवा."

बायको म्हणाली, "खरंच नाही, साहेब." ती हे चिडून म्हणाली नाही. मग ती माझ्याकडे वळली. "मला रस्त्यात उभं राहता येणार नाही. एक दिवस गाडी अशी थांबली, एक दिवस उशीर झाला, की संस्थेला तेवढंच हवंय. तुम्ही ती घाटकोपरची गाडी का सोडलीत, ते मला नीट सांगा."

मी किलोमीटर म्हणालो. एकवीस वर्षं पुस्तकाच्या मागून उत्तर पाठ केलेली मुलं तिनं बघितली होती. मग मी खरं सांगितलं, तिथेच, आरेच्या रस्त्यावर, मित्रासमोर. मित्र लगेच बॉनेटमध्ये वाकला आणि त्यानं काही ऐकलंच नाही असं दाखवलं, त्याबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे.

साहेबांनी बयाणा परत केला, न मागता. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते.

दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. गाडी अजून दारात उभी होती, पण दोन दिवसांत एक पार्टी पैसे घेऊन येणार असं मालकानं सांगितलं. प्लॅस्टरचे जबडे पूर्वीसारखेच हसत होते. या वेळी त्यांच्याकडे कारण होतं.

"सर, तुम्ही परत याल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "आडनाव विचारून गेलेली माणसं सहसा येत नाहीत. मी त्यात वाईट वाटून घेत नाही. वेळ वाचतो."

मी टेबलावरचे जबडे मोजू लागलो. पुस्तकं वाचलेला माणूस अशा वेळी सगळ्यात निरुपयोगी असतो.

"यांनी विचारलं," बायको म्हणाली. "चुकले ते. मी दादा तुम्हाला एकच विचारते, ही सकाळी साडेसहाला मुलुंडहून निघाली तर सात वाजता अंधेरीला पोचते का?"

तो पहिल्यांदाच हसला. "ताई, मी रोज पावणेसातला अंधेरीच्या पहिल्या डॉक्टरच्या घरी असतो. पावसाळ्यात पवईला पाणी साचलं तर उजवीकडून घ्या, डावीकडे खड्डा आहे. ही घ्या चाबी."

ती एकटीच गेली. त्यानं बसायला सांगूनही मी उभा राहिलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. त्यानं एक कवळी घासायला घेतली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली.

"चढावर गेल्या असतील," तो मान वर न करता म्हणाला. "येतील. ती गाडी माणसाला परत आणते."

पस्तीस मिनिटांनी ती आली. इंजिन चालूच ठेवून तिनं खिडकीची काच खाली केली. "क्लच थोडा वर लागतो," ती त्याला म्हणाली.

"सवय होईल. नाही झाली तर घेऊन या, मी खाली करून देतो."

"हॉर्न?"

"हॉर्न वाजतो, पण लोक हलत नाहीत. त्याला इलाज नाही."

ज्या पार्टीला त्यानं शब्द दिला होता त्यांना त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याला मी एकदा जे विचारलं होतं तेवढं माझ्या आयुष्याला पुरेसं होतं. सेक्रेटरींनी गाडी बघितली, दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चला, तुम्हाला पसंत पडली ना." मी म्हणालो, हो. आणखी एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी बोलायला हवं होतं. मी ते गिळलं, कारण पाण्याच्या मोटारीची चावी त्यांच्याकडे असायची.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी सव्वासहाला आम्ही खाली उतरलो. बायकोनं सीट पुढे ओढली, पाठीशी उशी घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बोलायचं नाही." मी मरोळपर्यंत बोललो नाही. डावीकडच्या खड्ड्याशी मी दोन्ही हातांनी सीट धरली, पण तो तिनं चुकवला. कारखान्याच्या फाटकाशी मला उतरवून ती पुढे गेली, आणि गाडी चौकात वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. वॉचमनला वाटलं, मालक येतायत, तोही उठून उभा राहिला.

स्टोअर उघडून मी रजिस्टर पुढ्यात घेतलं. सात वाजले. सव्वासात वाजले. मरोळ ते अंधेरी किती अंतर, हे मला माहीत होतं, तरी मी ते तीन वेगवेगळ्या वेगांनी मोजलं. साडेसातला मी ऑफिसात जाऊन फोन मागितला. खाजगी फोनला परवानगी नव्हती. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि न विचारता नंबर लावून दिला.

शिपायानं उचलला. मी गणिताच्या बाईंचं विचारलं.

"त्या वर्गावर गेल्यात," तो म्हणाला. "अध्यक्षसाहेब आलेत, प्रवेशद्वारात तोरण बांधतायत, पण बाई मागच्या दारानं वर गेल्या. काही निरोप आहे का?"

मागे कुठेतरी एकदम पन्नास मुलं काहीतरी म्हणत होती, सुरात, आणि त्यांच्यावरून एक ओळखीचा आवाज त्यांना थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होता.

"नाही," मी म्हणालो. "निरोप काही नाही."